बिघाडाची क्रियापदे

संगणकाला इटालियनमध्ये काय म्हणतात, असे नवशिक्या विद्यार्थ्याने विचारले की 'कंप्युटर' असे उत्तर मिळते आणि त्याचा थोडा हिरमोड होतो. दान्तेच्या भाषेकडून त्याची अपेक्षा काही निराळी असते. मग तो माऊसला काय म्हणतात ते विचारतो. उत्तर: 'माउस'. फाईलला 'फाइल', पासवर्डला 'पासवर्ड', सर्व्हरला 'सर्व्हर'. फ्रेंचांनी आणि स्पॅनिशांनी माऊसला आपापल्या भाषेतला उंदीर म्हटले. इटालियनांनी आपला 'तोपो' बिळातच राहू दिला. तेव्हा या भाषेतून संगणकाविषयी तक्रार करणे अगदी सोपे असणार, असा समज होतो. नामे इंग्रजी, मधे दोनचार इटालियन प्रत्यय, की झाले काम! प्रत्यक्ष तशी वेळ आली, की मात्र पहिल्याच वाक्याला जीभ अडखळते. कारण बिघाडाचे वर्णन नामांनी होत नाही, क्रियापदांनी होते. आणि बिघाडाची क्रियापदे इटालियनांनी घरचीच वापरली आहेत.

ही गोष्ट वरवर पाहता भाषाशिक्षणातली एक किरकोळ अडचण आहे. मला ती तशी वाटत नाही. तंत्रज्ञानासमोर एखादी भाषा टिकते म्हणजे तिचे नेमके काय टिकते, या प्रश्नाचे उत्तर या अडचणीत आहे असे मला वाटते, आणि मराठीत आपण गेली कित्येक दशके ते उत्तर चुकीच्या जागी शोधत आहोत.

इटलीत संगणक बंद पडला, की माणूस म्हणतो, 'मी सी ए ब्लोक्कातो इल कंप्युटर'. यातल्या पहिल्या 'मी'चा आपल्या 'मी'शी संबंध नाही. तो आहे 'मला'. 'सी' म्हणजे स्वतःला. शब्दशः पाहिले तर 'मला स्वतःच अडकला कंप्युटर' असे काहीतरी होते. हा 'सी' इटालियनमध्ये पदोपदी भेटतो. काच फुटते ती 'स्वतःला फोडते', दार उघडते ते 'स्वतःला उघडते'. ज्या घटनेला कर्ता नाही, किंवा असला तरी त्याचे नाव घ्यायचे नाही, तिथे हा 'सी' कामाला येतो. त्याच्या आधी येणारा 'मी' अधिक रंजक आहे. जे घडले ते माझ्या बाबतीत घडले, त्याची झळ मला बसली, एवढेच तो सांगतो. मी केले असे म्हणत नाही आणि माझा संबंध नाही असेही म्हणत नाही. 'ओ कांचेल्लातो इल फाइल' म्हणजे मी फाईल पुसली. 'सी ए कांचेल्लातो इल फाइल' म्हणजे फाईल पुसली गेली. आणि 'मी सी ए कांचेल्लातो इल फाइल' म्हणजे फाईल पुसली गेली, बहुधा माझाच हात लागला असावा, पण बिचारा मीच त्यात भरडला गेलो! एका अक्षराच्या सर्वनामात अपराध, अजाणता आणि आत्मदया एकत्र नांदतात.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. 'मी फाईल डिलीट केली', 'फाईल डिलीट झाली' आणि 'माझ्याकडून फाईल डिलीट झाली' ही तीन वाक्ये आपण रोज बोलतो आणि त्यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीतून आलेल्या 'डिलीट'ला 'करणे' लावायचे की 'होणे', हे ठरवताना आपण दोष कोणाचा हे ठरवत असतो. मात्र 'माझ्याकडून झाली' यात कबुली आहे, ओशाळलेपण आहे. इटालियनचा 'मी' ओशाळत नाही, तो कुरकुरतो. आपल्याकडे हात पुसणारा माणूस फार तर 'फाईल उडाली' म्हणेल. फ्यूज उडतो, बल्ब उडतो, रंग उडतो, तशी फाईलही उडते. (हे क्रियापद कोणी सुचवले, कोणत्या समितीने मंजूर केले? कोणीच नाही. ते आपले उडत आले.)

दुरुस्तीवाल्याचा पुढचा प्रश्न सर्व देशांत एकच असावा: कुठे हात लावलात? त्याला इटालियन उत्तर ठरलेले आहे, 'नोन ओ तोक्कातो न्येन्ते', मी कशालाही हात लावलेला नाही. 'आ फात्तो तुत्तो दा सोलो', त्याने सगळे एकट्यानेच केले. ही दोन वाक्ये परदेशी माणसाने सर्वात आधी पाठ करावीत असे मी म्हणेन. संगणकाच्या दुरुस्तीला त्यांचा काडीचा उपयोग नाही, पण ती म्हटली की समोरचा हसतो, आणि हसलेला माणूस परक्याशी जरा सावकाश बोलतो.

'ब्लोक्कारे' हे सभ्य, सर्वसाधारण क्रियापद. बोलण्यात त्याहून चवदार शब्द येतात. 'सी ए इंपाल्लातो' हा त्यांतला एक. 'इंपाल्लारे' हा बिलियर्डच्या टेबलावरचा शब्द आहे: आपला चेंडू आणि ज्याला मारायचे तो चेंडू यांच्या मधे तिसरेच काही येऊन उभे राहते, सरळ फटका मारता येत नाही, खेळाडू हातात काठी घेऊन नुसता पाहत राहतो. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजलेला असताना आपली जी अवस्था होते, तिचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही. 'सी ए प्यांतातो' म्हणजे त्याने स्वतःला रोवून घेतले. पुढचे पाय रोवून उभे राहिलेले खेचर डोळ्यासमोर येते. 'आंदारे इन तिल्त' हा प्रयोग पिनबॉलच्या यंत्रावरून आला. खेळणारा यंत्राला फार हलवू लागला की यंत्र खेळ थांबवते आणि 'टिल्ट' हा इंग्रजी शब्द उजळतो. इटालियनांनी तो शब्द उचलला आणि माणसालाही लावला. परीक्षेत गोंधळलेला विद्यार्थीही 'तिल्त'मध्ये जातो आणि सणासुदीची वाहतूकही.

छपाईयंत्रात कागद अडकला, तर 'सी ए इन्चेप्पाता ला कार्ता'. या 'इन्चेप्पारे'च्या पोटात 'चेप्पो' आहे, म्हणजे लाकडाचा ओंडका. अनेकवचनी 'चेप्पी' म्हणजे कैद्याच्या पायांतले खोडे. कैदी खोड्यात अडकतो, बंदुकीत गोळी अडकते, बोलताना जीभ अडकते आणि छपाईयंत्रात कागद अडकतो. सगळ्यांना क्रियापद एकच. आपल्याकडे अशा वेळी 'पेपर जॅम झाला' असे म्हणतात. 'जॅम होणे' वाईट आहे असे नाही. पण आपल्या भाषेतही खोडा आहे, 'खोडा घालणे' हा वाक्प्रचार आहे, आणि तो कागदापर्यंत पोचला नाही, एवढे खरे.

आता 'स्कारिकारे' पाहा. गाडीवरचे ओझे उतरवणे हा त्याचा मूळ अर्थ. विजेरी संपली की ती 'स्कारिका', म्हणजे रिकामी. जाळ्यावरून फाईल घेणे म्हणजेही 'स्कारिकारे'. 'दाऊनलोदारे' असे एक संकरित क्रियापद कोणी वापरले तर लोक हसतात, कारण घरात शब्द होता आणि तो चपखल बसला. मराठी लिहिणाऱ्यांनीही 'उतरवून घेणे' हा प्रयोग करून पाहिला आहे आणि तो मला आजही 'डाउनलोड करणे'पेक्षा बरा वाटतो. ओझ्याची कल्पना दोन्ही भाषांना स्वतंत्रपणे सुचली. पण इटालियनमध्ये याच कुळातला आणखी एक शब्द आहे, 'स्कारिकाबारीले'. पाठीला पाठ लावून एकमेकांना आळीपाळीने उचलायचा हा मुलांचा खेळ. लाक्षणिक अर्थ, आपल्यावरची जबाबदारी दुसऱ्याच्या पाठीवर ढकलणे. इंटरनेट कंपनी सांगते दोष यंत्राचा, यंत्रवाला सांगतो दोष जोडणीचा, जोडणीवाला सांगतो कंपनीला विचारा. हा खेळ ज्याने कोणत्याही देशात अनुभवला आहे, त्याला हा शब्द एकदा ऐकून कायमचा लक्षात राहील.

काही ठिकाणी तर मराठी माणसाला काही शिकावेच लागत नाही. वीज गेली तर इटालियन माणूस म्हणतो, 'ए आंदाता व्हिया ला लूचे', प्रकाश निघून गेला. आपण म्हणतो, लाईट गेले. इंग्रजीच्या वळणाने विचार करणारा विद्यार्थी इथे पुरवठा खंडित झाल्याचे वाक्य जुळवत बसतो; मराठीच्या वळणाने जाणारा बिनचूक बोलून मोकळा होतो. फोनला रेंज नसेल तर 'नोन प्रेंदे', घेत नाही; आपणही म्हणतो, इथे रेंज घेत नाही. इंग्रजीच्या पुलावरून न जाता थेट उडी मारली तर अंतर कमी भरते. आपल्याकडे परभाषा शिकवताना हे फारसे सांगितले जात नाही याचे मला नवल वाटते.

जी क्रियापदे इटालियनने खरोखर बाहेरून घेतली, त्यांनाही तिने घरचे नियम लावले. क्लिकचे 'क्लिक्कारे', फॉरमॅटचे 'फोर्मात्तारे', रिसेटचे 'रेसेत्तारे'. एकदा 'आरे' लागला की तिन्ही काळ, सहाही पुरुष-वचने, संकेतार्थ, सगळे लेणे चढते. नामांनाही लिंग द्यावे लागते. फाईल आपल्याकडे ती, त्यांच्याकडे तो. पासवर्ड आपल्याकडे तो, त्यांच्याकडे ती. आणि अनेकवचनाचा इंग्रजी 'स' दोघेही दारातच काढून ठेवतात: दोन कंप्युटर, 'दुए कंप्युटर'. शुद्धतावाद्यांना इथे पराभव दिसतो. मला पचनशक्ती दिसते.

पराभव पाहणारे इटलीतही पुष्कळ आहेत आणि त्यांचा इतिहास मोठा आहे. मुसोलिनीच्या राजवटीने 1940 मध्ये दुकानांच्या पाट्यांवर आणि जाहिरातींत परकीय शब्द वापरण्यास कायद्याने बंदी केली. परक्या शब्दांना पर्याय सुचवण्याचे काम तिथल्या राजेशाही अकादमीकडे होते. आर्रीगो कास्तेल्लानी या भाषाशास्त्रज्ञाने 1987 मध्ये इंग्रजी शब्दांच्या लोंढ्याला सरळ रोग ठरवून 'मोर्बुस आंग्लिकुस' या लॅटिन नावाचा लेख लिहिला. 1583 पासून चालत आलेल्या अकादेमिया देल्ला क्रुस्काने 2015 मध्ये नव्या आयात शब्दांवर लक्ष ठेवण्यासाठी 'इन्चीपित' नावाचा गट नेमला. या सर्वांचे हेतू आणि राजकारण एकसारखे नाही, त्यांना एका दावणीला बांधणे अन्यायाचे होईल. पण सर्वांचा रोख प्रामुख्याने नामांवर आहे. पाटीवर नामच लिहिलेले असते, म्हणून ते डोळ्यात खुपते.

आणि इटालियनमध्ये नामे नव्हती असे तरी कुठे आहे? एन्रीको फेर्मीच्या 1954 मधल्या सल्ल्यावरून पिसा विद्यापीठाने जे यंत्र बांधायला घेतले आणि 1961 मध्ये पुरे केले, त्याच्या नावात 'काल्कोलात्रीचे' होते. ओलिव्हेत्ती कंपनीचे 1959 चे 'एलेआ 9003', ज्याचे बाह्यरूप एत्तोरे सोत्त्सासने घडवले, त्याच्या नावात 'एलाबोरातोरे' दडलेला होता. याच कंपनीत प्येर जोर्जो पेरोत्तोच्या चमूने 1965 मध्ये टेबलावर मावणारे 'प्रोग्राम्मा 101' तयार केले. यंत्रे घरी होत होती तोवर नामेही घरची होती. पण त्याच्या आदल्याच वर्षी, 1964 मध्ये, कंपनीचा इलेक्ट्रॉनिक विभाग अमेरिकी जनरल इलेक्ट्रिकच्या ताब्यात गेला होता. 'काल्कोलातोरे' आज अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांच्या नावांत उरला आहे. नाम हे मालाबरोबर येते; ज्याचा माल त्याचे नाम. हे दुःखाचे असेल, पण त्यावर कोशकारांकडे उपाय नाही.

ज्यावर उपाय आहे ती गोष्ट निराळी. 1965 मध्येच इतालो काल्व्हीनोने एका वृत्तपत्रात 'प्रतिभाषा' असे ज्याचे भाषांतर करता येईल अशा शीर्षकाचा लेख लिहिला. पोलीस ठाण्यात एक साधा माणूस जबानी देतो: सकाळी शेगडी पेटवायला तळघरात गेलो, कोळशाच्या पेटीमागे वाइनच्या बाटल्या दिसल्या, रात्रीच्या जेवणासाठी एक उचलली. हवालदार ते टंकलिखित करतो, तेव्हा माणूस तळघरात 'जात' नाही, 'प्रस्थान' करतो. त्याला बाटल्या 'सापडत' नाहीत, मद्योत्पादनाचा साठा 'आढळून' येतो. साध्या शब्दाचे भय, हेच या भाषेचे लक्षण, असे काल्व्हीनोचे निदान होते. लेख पोलिसांवर होता. पण संगणक बिघडला की पडद्यावर जो मजकूर उमटतो तो त्याच हवालदाराने लिहिलेला असतो. 'सी ए व्हेरिफिकातो उन एर्रोरे', एक दोष संभवला आहे. समोरचा माणूस हे वाचतो आणि फोनवर सांगतो, 'इंपाल्लातो'. मराठीतही तेच: यंत्र म्हणते, 'अनपेक्षित त्रुटी उद्भवली'. ज्याच्या घरी ती उद्भवली तो म्हणतो, 'गंडलंय'. काल्व्हीनोच्या ठाण्यात साधे बोलणे प्रतिभाषेत जात होते. इथे वापरणाऱ्याला उलटे भाषांतर करावे लागते, तेही चिडलेल्या अवस्थेत.

उंबेर्तो एकोच्या 1988 च्या 'फूकोचा लंबक' या कादंबरीत याचे एक मार्मिक चित्र आहे. बेल्बोच्या 'अबुलाफिया' नावाच्या संगणकात कासौबोनला शिरायचे आहे. यंत्र विचारते, परवलीचा शब्द तुझ्याकडे आहे का? कासौबोन विद्वान, तो ईश्वराच्या नावातल्या अक्षरांची शेकडो फेरजुळणी करून पाहतो. अखेर दमून, वैतागून तो त्या प्रश्नाला साधे खरे उत्तर देतो, 'नाही', आणि दार उघडते. यंत्राचे वाक्य हे वाक्यच होते, कोणीतरी बोललेले. हे विद्वानाला सर्वांत शेवटी सुचते.

प्रीमो लेव्हीचे उदाहरण याहून ठोस आहे. 'ला क्याव्हे आ स्तेल्ला' ही 1978 ची कादंबरी (तिला 1979 चा स्त्रेगा पुरस्कार मिळाला) त्याने फौस्सोने नावाच्या एका तोरिनोकर जुळारीच्या तोंडी घातली. क्रेन, मनोरे, पूल उभारणारा हा माणूस त्या त्या कामातल्या बिघाडांच्या कथा सांगतो, आणि त्या कारखान्याच्या भाषेत सांगतो. लेव्ही व्यवसायाने रसायनतज्ज्ञ. बिघडलेल्या वस्तूविषयी नीट बोलता येणे हे त्याला कविता लिहिण्याइतके गंभीर काम वाटत असे, असे त्याचे लेखन वाचताना सतत जाणवते.

आता आपल्याकडे वळायला हरकत नाही. सावरकरांनी दिलेल्या शब्दांपैकी जे आपण आज सहज वापरतो ते दिनांक, क्रमांक, महापौर, सगळी नामे. 'संगणक' हेही उत्तम नाम आहे आणि ते रुजले. पण यंत्राच्या भाषेसाठी जी समिती बसते ती नामांची यादी घेऊन बसते, आणि क्रियापदाची वेळ आली की 'करा' लावून मोकळी होते. त्यातही 'जतन करा'सारखा एखादा सुंदर प्रयोग साधून जातो (इटालियनमध्ये तिथे 'साल्व्हा' आहे, तारणहाराच्या कुळातला शब्द, आपले 'जतन' त्याच्याहून हळुवार आहे). बिघाडाची भाषा मात्र कोणीच गोळा केली नाही. आणि ती अफाट आहे! गाडी मिसिंग मारते, पिकअप घेत नाही, मोटार जळते, यंत्र मान टाकते, राम म्हणते, रुसते, ढेपाळते. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत, तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या टपरीत, ही क्रियापदे रोज संगणकाला आणि मोबाईलला लावली जातात. सर्व्हर झोपतो, नेट रांगते, स्क्रीन पांढरी पडते. यांतला एकही प्रयोग यंत्राच्या पडद्यावर कधी उमटत नाही. परिणामी ज्याला इंग्रजी येत नाही तो माणूस पडद्याकडे बोट दाखवून 'काहीतरी लिहून येतंय' एवढेच म्हणू शकतो. पडद्यावरचे अक्षर देवनागरी असले तरीही. पीकविम्याचा अर्ज भरताना किंवा मुलाचा प्रवेश नोंदवताना हे घडते, तेव्हा तो दुसऱ्याच्या मर्जीवर जातो. भाषेचा प्रश्न इथे अस्मितेचा राहत नाही, पैशाचा आणि मुदतीचा होतो.

मिलानोच्या तंत्रविद्यापीठाने 2012 मध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्णपणे इंग्रजीतून देण्याचे ठरवले. वाद न्यायालयात गेला आणि 2017 मध्ये घटनात्मक न्यायालयाने सांगितले, की इंग्रजी अभ्यासक्रम असोत, पण इटालियनला संपूर्ण वगळता येणार नाही. आपल्याकडचे कितीतरी विद्यार्थी अशा इंग्रजी अभ्यासक्रमांसाठी तिथे जातात आणि इटालियनवाचून वर्ष-दोन वर्षे निभावतात. निभावते, ते घरातले नेट जाईपर्यंत. मग फोनवर पलीकडून 'मी दीका', सांगा, असे ऐकू येते, आणि अभियांत्रिकीच्या पदवीधराला सांगता येत नाही. त्याला मोडेम, राउटर हे शब्द येत असतात. ते इटालियनच आहेत.

अशा विद्यार्थ्याला माझी एक शिफारस. 'स्मानेत्तारे' हे क्रियापद शिकून घ्यावे. 'मानेत्ता' म्हणजे मोटरसायकलची वेगाची मूठ. ती उगाच पिळत राहणे म्हणजे 'स्मानेत्तारे'. आणि संगणकाशी तासन्‌तास तसाच खेळ करणारा, सूचनापुस्तिका न वाचता सगळे उघडून पाहणारा तो 'स्मानेत्तोने'. मराठीत याला 'खुडबुड्या' म्हणतात.